कॉम्प्रेशन डाऊन, पण रिंगा शाबूत: एका इंजिन-निदानाची फेरतपासणी

गाडी माझीच. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, त्यावर बसवलेलं गॅसचं किट, मीटरवर १ लाख १२ हजार किलोमीटर. तक्रार सुरुवातीला किरकोळ होती. सकाळी गाडी गुळगुळीत चालू व्हायची आणि पंधरावीस मिनिटं चालून तापली, की सिग्नलला उभी असताना थरथरायला लागायची. गॅरेजच्या भाषेत 'मिसिंग मारते'. वेग घेतला की थरथर जवळजवळ नाहीशी व्हायची, त्यामुळे मी दोन आठवडे ती अंगावर काढली. त्यातले शेवटचे चारपाच दिवस इंजिनाचा पिवळा दिवा नुसता लागत नव्हता, लुकलुकत होता. लुकलुकणाऱ्या दिव्याचा अर्थ गाडीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेला असतो: न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जाऊन पेटतंय, गाडी दामटू नका. पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यातच होती. मी ती वाचली नव्हती.

दुसरी तक्रार तेलाची. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये डिपस्टिकवरची पातळी वरच्या खुणेवरून मधोमध यायची, आणि बॉनेट उघडलं की जळक्या तेलाचा वास यायचा. या दोन तक्रारी मी गॅरेजमध्ये एका दमात सांगितल्या. तिथेच त्या एकमेकींना चिकटल्या.

पहिलं निदान

पहिलं गॅरेज मोठं, स्वच्छ आणि काचेच्या केबिनमध्ये सर्व्हिस अॅडव्हायझर बसवणारं. स्कॅनर लावला, कोड आला पी०३०३. या कोडचा शेवटचा आकडा सिलिंडरचा असतो, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर (इंधन नीट पेटत नाही). त्यांनी चारही प्लग बदलले, तिसऱ्याची इग्निशन कॉइल बदलली. फरक पडला नाही. मग कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजलं: पहिला १७८, दुसरा १७५, तिसरा ९८, चौथा १८० पीएसआय. संध्याकाळी फोन आला.

"तिसऱ्याचं कॉम्प्रेशन डाऊन आहे. प्लगवर तेल आलंय. रिंगा गेल्यात. इंजिन उतरवून फुल काम करावं लागेल."

रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीची कडी; ती झिजली की दाब खाली गळतो आणि तेल वर येतं. एस्टिमेट व्हॉट्सअॅपवर आलं. गाडी विकायला काढली तर जे पैसे आले असते, त्याच्या साधारण चाळीस टक्के. रिंगा, पिस्टन, बेअरिंग, गास्केटचा पूर्ण सेट, बोअरिंग, हेडचं (इंजिनाच्या वरच्या भागाचं) काम, ऑइल पंप, मजुरी. खाली एक ओळ होती: 'इंजिन उघडल्यावर आणखी काही आढळल्यास वेगळा खर्च.' अर्धे पैसे आगाऊ हवे होते आणि इंजिन उघडण्यासाठी जॉब कार्डवर सही हवी होती.

मी सही करणार होतो, हे कबूल करायला हवं. आकडा छापील होता, ९८ हा आकडा १७८च्या शेजारी वाईटच दिसत होता, आणि तेल कमी होतंय हे मीच सांगितलं होतं. सगळं जुळत होतं. थांबलो ते एका क्षुल्लक कारणाने. गार असताना गाडी ठणठणीत का असते, असं मी अॅडव्हायझरला विचारलं, तर तो म्हणाला, "तसं असतं कधीकधी." झिजलेल्या रिंगांना दिवसाची वेळ कशी कळते, हे मला समजेना.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बसून तीन गोष्टी विचारल्या. मोजताना इंजिन गरम होतं का आणि थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडा होता का? सिलिंडरमध्ये तेल घालून पुन्हा मोजलं का? हवा भरून गळती ऐकली का? पहिल्याचं उत्तर 'हो, आमची पद्धतच आहे' असं आलं, आणि ते खरंच असावं. थ्रॉटल बंद राहिला असता तर चारही आकडे पडले असते, एकटा तिसरा नाही. उरलेल्या दोन प्रश्नांना उत्तर एकच होतं: "त्याची गरज नाही, इंजिन उघडलं की सगळं दिसेलच."

यात एक अर्थ असा, की इंजिन उघडल्यावर मागे फिरायची वाट बंद होते. हवेची गळती जुळलेल्या इंजिनातच ऐकता येते. एकदा ते सुटं करून ट्रेमध्ये ठेवलं, की गाडी दुसरीकडे नेणं सोडाच, पहिलं निदान तपासायची सोयही जाते. तपासणीची मजुरी, प्लग आणि कॉइल यांचे पैसे भरले, जुना प्लग आणि जुनी कॉइल मागून घेतली, रीडिंग लिहिलेल्या जॉब कार्डचा फोटो काढला आणि गाडी टोचन लावून बाहेर काढली. चालवत नेली नाही. तोवर पुस्तिका वाचून झाली होती.

मधला एक फोन

त्या रात्री ओळखीतल्या एकाने त्याच्या मेकॅनिकशी फोनवर गाठ घालून दिली. त्याने गाडी न बघता सांगितलं, "तेच काम अर्ध्या पैशांत करून देतो." माणूस भला असेल, पण त्याने मला दुसरं मत दिलं नाही, दुसरा भाव दिला. रोग पहिल्याने ठरवला तोच धरला आणि औषध स्वस्त केलं. घासाघीस चालली असताना हा फरक लक्षात येत नाही. मला अर्धा आकडा ऐकून आधी बरंच वाटलं होतं.

दुसऱ्या ठिकाणी

दुसरे मिस्त्री मोठी कामं घेत नाहीत. ते निदान करतात, वायरिंग आणि ट्यूनिंग बघतात. हेड किंवा इंजिन उतरवायचं असेल तर दुसरीकडे पाठवतात. मी त्यांना निवडलं ते याचसाठी, कारण इंजिन खराब निघालं काय आणि चांगलं निघालं काय, त्यांची मजुरी तेवढीच राहणार होती. ती मजुरी पहिल्या एस्टिमेटच्या शंभरात दोन हिश्श्यांइतकी होती.

मी फोटो दाखवायला मोबाइल काढला, तर त्यांनी हात आडवा केला. "कोण काय म्हणालं ते मागाहून सांगा. गाडी काय करते ते सांगा." मग पंधरा मिनिटं नुसते प्रश्न. थरथर गॅसवरच होते की पेट्रोलवरही? (दोन्हीवर. म्हणजे गॅस किट आणि इंजेक्टर दोघांवरचा संशय बराच कमी झाला.) सकाळी पहिल्यांदा चालू करताना मागून निळा धूर येतो का? नाही. उतारावर अॅक्सिलरेटर सोडून नंतर दाबला तर? नाही. पाणी कमी होतं का? नाही. तेल नेमकं किती टाकता? मी हिशोब केला: चार हजार किलोमीटरला अर्धा लिटर. ते हसले. काही कंपन्या हजार किलोमीटरला अर्धा लिटर, काही तर त्याहून जास्त खपही मर्यादेत धरतात. माझ्या गाडीचं तेल खाणं ही तक्रार म्हणण्याच्या लायकीचीही नव्हती.

टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हच्या (हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपांच्या) वरची फट जुळवणं, शेवटचं कधी केलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसलो. तेल, फिल्टर, ब्रेक, सगळं वेळच्या वेळी होत होतं. टॅपेट कव्हर गाडी घेतल्यापासून उघडलेलं नव्हतं.

मग जुना प्लग मागितला. हा प्लग या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त शिकवून गेला. त्यांनी तो पांढऱ्या कपड्यावर आडवा ठेवला. वरचा चिनीमातीचा भाग तेलाने चिकट होता आणि आट्यांच्या वरच्या कडेला काळपट तेल साचलं होतं. "हे तेल ना? आता टोक बघा." टोक, म्हणजे जो भाग प्रत्यक्ष सिलिंडरच्या आत असतो तो, कोरडा होता. काजळी होती, पण बोटाला पावडरीसारखी लागणारी. रिंगांमधून तेल वर येत असतं तर टोक ओलं, तुकतुकीत काळं असतं. हे तेल बाहेरून आलं होतं. या इंजिनात प्लग खोल विहिरीसारख्या नळीत बसतात आणि त्या नळीचं रबरी सील टॅपेट कव्हरला असतं. सील कडक होऊन फुटलं की वरचं तेल नळीत उतरतं. जुन्या कॉइलचं रबर उलटं करून दाखवलं. आत तेलाचा थर. कव्हरच्या कडेने झिरपणारं तेल एक्झॉस्टच्या गरम मॅनिफोल्डवर थेंब थेंब पडत होतं. जळका वास त्याचा. कमी होणारी पातळीही बहुतेक त्याचीच.

म्हणजे 'प्लगवर तेल आलंय' हे वाक्य खरं होतं. पहिल्या गॅरेजने प्लगला तेल लागलेलं पाहिलं. कुठल्या टोकाला, ते पाहिलं नाही.

गार आणि गरम

गाडी रात्रभर तिथेच उभी होती, त्यामुळे सकाळी आधी गार इंजिनावर कॉम्प्रेशन घेतलं. चारही प्लग काढलेले, इंधन आणि इग्निशन बंद, बॅटरीला चार्जर जोडलेला, थ्रॉटल पूर्ण दाबलेला. अॅक्सिलरेटरवर पाय माझाच होता. तिसऱ्याचा आकडा १३२. बाकीचे १७०च्या पुढे. मग गाडी वीस मिनिटं चालू ठेवून, पंखा दोनदा फिरल्यावर पुन्हा मोजलं: तिसरा ९७. बाकीचे होते तिथेच.

पहिल्या गॅरेजचा आकडा आणि यांचा आकडा जवळजवळ एकच होता. तरीही दोघांचं म्हणणं वेगळं पडत होतं. रिंगा किंवा बोअर झिजलेला असता, तर पिस्टन तापून फुगल्यावर गळती उलट थोडी कमी व्हायला हवी होती. इथे ती वाढत होती. तापल्यावर लांब होणारी आणि लांब झाल्यामुळे नीट मिटता न येणारी वस्तू म्हणजे व्हॉल्व्ह.

पण नुसत्या तर्कावर थांबले नाहीत. तिसऱ्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चहाच्या चमच्याएवढं इंजिन ऑइल सोडलं आणि पुन्हा मोजलं. तेल पिस्टनच्या कडेला पसरून रिंगांची फट तात्पुरती बुजवतं. रिंगा गेल्या असत्या तर आकडा झटकन वर गेला असता. आला १०२. पाचच पीएसआयचा फरक.

शेवटी लीक-डाऊन. तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकावर, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असायला हवेत अशा जागी आणला, क्रँकच्या नटावर पाना अडकवून इंजिन धरून ठेवलं आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली. दोन घड्याळांतला फरक म्हणजे गळती. चांगल्या इंजिनात ती दहा टक्क्यांच्या आसपास असते, वीसपर्यंत चालवून घेतात. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरला सात ते नऊ टक्के. तिसऱ्याला ५८.

"आता तुम्हीच ऐका," म्हणून त्यांनी माझ्या हातात पाण्याच्या पाइपाचा हातभर तुकडा दिला. एक टोक कानाला, दुसरं टोक तेल ओतायच्या भोकाशी. मंद श्वासासारखी हवा, बाकीच्या सिलिंडरांना येत होती तेवढीच. रिंगा गेल्या असत्या तर इथे सूं सूं ऐकू आलं असतं. रेडिएटरचं झाकण आधीच, इंजिन गार असताना, काढून ठेवलं होतं. पाण्यात बुडबुडा नाही, म्हणजे हेड गास्केट शाबूत. एअर फिल्टरकडचं तोंड शांत, म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह ठीक. मग मी गाडीच्या मागे जाऊन उकिडवा बसलो आणि पाइप सायलेन्सरच्या तोंडात धरला. कुकरची शिट्टी उठायच्या आधी जसा फस्स आवाज येतो, तसा अखंड आवाज. इंजिनात सोडलेली हवा सरळ मागच्या नळीतून बाहेर पडत होती. तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत नव्हता.

त्या आवाजानंतर मला कुणी काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

कव्हर उघडल्यावर

इंजिन पुन्हा गार झाल्यावर टॅपेट कव्हर काढलं. या इंजिनाला एक्झॉस्ट व्हॉल्व्हसाठी, थंड असताना, पाव मिलिमीटरच्या आसपास फट हवी. फिलर गेजचं ०.२५चं पान तिसऱ्यात गेलं नाही. ०.१५चं गेलं नाही. सर्वांत पातळ, ०.०५चं पानही अडकलं. फट शून्य. बाकीच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या फटीही आवळल्या होत्या, पण थोड्या शिल्लक होत्या.

कारण गॅसमध्ये आणि माझ्या दुर्लक्षात निम्मं निम्मं आहे. गॅस इंजिनात वायुरूपातच येतो, त्यामुळे पेट्रोलची वाफ होताना मिळणारा थोडाफार गारवा मिळत नाही, आणि व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या सीटवर पेट्रोलमुळे जमणारा पातळ थरही जमत नाही. सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह तिच्यात रुततो आणि त्याचा दांडा तेवढाच वर, रॉकरच्या (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीच्या) दिशेने सरकतो. माणसाला वाटतं झीज झाली की फट वाढेल; इथे झिजेने फट कमी होते, म्हणून आवाजही येत नाही. उलट टॅपेटचा टिकटिक आवाज बंद होऊन गाडी आणखी शांत वाटते. फट संपली की गरम इंजिनात व्हॉल्व्ह किंचित उघडाच राहतो, आणि सीटला टेकून गार व्हायची त्याची संधी जाते. मग त्याची कड जळायला लागते.

सेटिंग करून पुन्हा गरम इंजिनावर मोजलं: ९७चे १३८ झाले. मी खूश झालो. ते नाही झाले. लीक-डाऊन अजून २८ टक्के होतं. "कड जळलीय. आता चालेल, पण पुन्हा येईल. हेड उतरवा, खालचं इंजिन कुणाला उघडू देऊ नका." प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा सोडून सिलिंडरची भिंत दाखवली. होनिंगच्या, म्हणजे भिंतीवर मुद्दाम काढलेल्या, तिरक्या रेघा स्पष्ट होत्या. उभा ओरखडा एकही नाही.

हे सगळं त्यांनी एका पानावर लिहून दिलं: आकडे, कुठल्या स्थितीत घेतले ते, आणि खाली दोन ओळींचा निष्कर्ष. पहिल्या गॅरेजचा फोटो त्यांनी तेव्हा पाहिला. "मोजलंय बरोबर," एवढंच म्हणाले.

हेडचं काम

ते कागद घेऊन मी तिसऱ्या गॅरेजमध्ये गेलो. इथे काम ठरलेलं होतं, त्यामुळे भावाची चौकशी आता खरोखर भावाची चौकशी होती. हेड उतरलं. तिसऱ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला नखाएवढा भाग खाल्लेला निघाला. चारही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नवे, सीट कापून घेतल्या, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, स्टेम सील, हेड सपाट आहे का याची तपासणी, नवं हेड गास्केट, टॅपेट कव्हरचं गास्केट आणि प्लगच्या नळ्यांची सीलं. पिस्टनला कुणी हात लावला नाही. सगळं मिळून, दुसऱ्या मिस्त्रींची मजुरी धरून, पहिल्या एस्टिमेटच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत बसलं. शेवटचे गरम आकडे: १७७, १७६, १७४, १७९.

पहिल्या गॅरेजने फसवलं का, असं मला बरेच जण विचारतात. मला तसं म्हणवत नाही. गाड्यांची रांग लागलेल्या गॅरेजला फुल काम सोयीचं असतं. सगळंच बदललं की ग्राहक परत तक्रार घेऊन येत नाही, आणि लीक-डाऊनला घालवलेल्या तासाचं बिल लावता येत नाही. त्यांच्या एस्टिमेटमध्ये हेडचं कामही होतंच. म्हणजे मी सही केली असती, तर रिंगांसोबत व्हॉल्व्हही बदलले गेले असते, थरथर थांबली असती, आणि निदान चुकलं होतं हे मला कधीच कळलं नसतं. काम मस्त केलं म्हणून मी चार जणांना तेच गॅरेज सुचवलं असतं. चुकीचं निदान बऱ्या झालेल्या गाडीत असं सहज लपतं.

दुसरे मिस्त्रीही 'रिंगा गेल्यात' म्हणाले असते तर? तर मी ते काम केलं असतं, आणि तपासणीचे पैसे वाया गेले असंही वाटलं नसतं. फक्त उभ्या गाडीचे तीन दिवस मोजावे लागले असते. गाडीवर ज्याचं पोट आहे त्याला ते तीन दिवसही महाग पडतात. अशा माणसाने निदान तेल घालून घेतलेलं दुसरं रीडिंग मागावं. दहा मिनिटांचं काम आहे.

काम होऊन पाच आठवडे झाल्यावर पिवळा दिवा पुन्हा लागला, या वेळी स्थिर. कोड पी०४२०, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी. लुकलुकत्या दिव्यावर मी गाडी दामटली, ते दिवस बहुधा आता वसूल होत आहेत. 'बहुधा' म्हणतोय, कारण एक्झॉस्टच्या सांध्यातली गळती किंवा मागचा ऑक्सिजन सेन्सरही हाच कोड आणू शकतो, आणि हेड काढताना मॅनिफोल्ड सुटलं होतं. मिस्त्रींनी आधी सांध्यांची गळती बघायला घेतली आहे. गाडी सध्या त्यांच्याकडेच आहे.